एकशे अठ्ठावीस तास

बालरोग वॉर्डात वीस खाटा होत्या आणि तेवीस मुलं. तीन खाटांवर दोघं दोघं. प्रत्येक मुलाजवळ एक बाई, म्हणजे तेवीस बायका. पुरुषांना भेटीच्या वेळेखेरीज आत येऊ देत नसत. खिडक्या सहा. पंखे सात, डिसेंबर असल्याने सातही बंद. भिंतीतून ऑक्सिजनच्या नळ्या आठ ठिकाणी बाहेर आल्या होत्या. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर दोन. दाराजवळच्या टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याचं हजेरी रजिस्टर, त्यात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या अकरा विद्यार्थिनींची नावं. सातवं नाव माझं होतं. सहाव्या खाटेवर माझी मुलगी होती.

हे मी शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला मोजलं. मोजायचं काही कारण नव्हतं. गार्गीला नुकताच ऑक्सिजन लावला होता, सलाईन सुरू झालं होतं, औषधाचा पहिला डोस गेला होता, आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचे श्वास मी आधीच मोजले होते, मिनिटाला चोपन्न. तीन वर्षांच्या मुलाचे चाळिसाच्या आत हवेत.

त्या वॉर्डात मी परकी नव्हते. तीन आठवड्यांपासून आमच्या बॅचचं तिथेच पोस्टिंग होतं. शनिवारी फक्त कॉलेजात तास असायचे. दुपारी लेक्चर चालू असताना अमीनाचाचीचा फोन आला. चाची मोताळ्यात आमच्या शेजारी राहतात. मी सकाळी निघाले की गार्गी त्यांच्याकडेच असते. सकाळी साधा खोकला होता. दुपारी तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या, मोताळ्याच्या डॉक्टरांनी बुलडाण्याला न्या म्हणून सांगितलं, आणि चाची तिला शालीत गुंडाळून काळी-पिवळीतून राजूर घाट चढून आल्या. मी दवाखान्याच्या गेटपाशी उभी होते. चाचींनी गार्गी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सांस देख पहले. बाकी बाद में रो."

मी रडत नव्हते. पण चेहऱ्यावर तसं काही असावं.

मी नीरजा. वय सव्वीस. पहिली बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केली आणि मोताळ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. तीन वर्षांपूर्वी नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा लॅबचे मालक शंकरराव म्हणाले होते, "एका बी.एस्सी.नं पोट नाही भरलं काय, काऊन दुसरी करून राह्यली?" तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. पहाटे घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, सात-दहाची एस.टी. पकडायची, आठ ते चार वॉर्डात किंवा वर्गात, आणि परत येऊन पाच ते आठ लॅबमध्ये. मधल्या वेळात गार्गी. खरं तर या वेळापत्रकात मधला वेळ असा नव्हताच. होती ती सकाळची वीस मिनिटं, आणि संध्याकाळी ती झोपेपर्यंतचा एक तास.

नवरा, शंतनु, वाळूजला एका कारखान्यात आहे. महिन्यातून एकदा येतो. सासू-सासरे वडनेर भोलजीला. सासरे दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सासूबाईंना घर सोडता येत नाही. माझी आई नाही. शंतनु वाईट माणूस नाही. त्याने एकच अट घातली होती आणि ती मी मान्य केली होती. "चार वर्षं म्हणजे चार वर्षं. मधी एक जरी वर्ष गेलं तर बस. पोरीनं किती दिवस दुसऱ्याच्या घरी राहावं?"

आता तासांचा हिशेब. बालरोगाचं पोस्टिंग वीस दिवसांचं, रोज आठ तास, एकूण एकशे साठ. परीक्षेला बसायला आमच्या कॉलेजात ऐंशी टक्के लागतात, म्हणजे एकशे अठ्ठावीस. त्याहून कमी भरले तर ते पोस्टिंग पुढच्या बॅचबरोबर, म्हणजे पुढच्या वर्षी. पंधरा दिवसांत माझे तीन दिवस गेले होते. दोन लॅबमध्ये दुसरी टेक्निशियन आजारी पडली म्हणून, एक गार्गीच्या तापाचा. हातात शहाण्णव तास होते. पाच दिवस उरले होते, सोमवार ते शुक्रवार. त्यांतले चार पूर्ण भरले की झालं.

रविवारी शंतनु आला, दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला, भेटीच्या वेळी गार्गीच्या पायाचं बोट धरून उभा राहिला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. सुट्टी मिळत नव्हती. जाताना त्याने विचारलं, "तुझं कॉलेजचं कसं?"

मी म्हटलं, "कॉलेज इथंच आहे. त्याच वॉर्डात पोस्टिंग आहे."

"मग तर बरं झालं," तो म्हणाला.

मलाही तसंच वाटत होतं. आमच्या वंदना मॅडमनाही. त्या आमची क्लिनिकलची बाजू बघतात. कडक आहेत, पण वेड्यावाकड्या नाहीत. रविवारी मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी ऑक्सिजन किती आहे ते विचारलं, मग म्हणाल्या, "नातेवाईक म्हणून बसलेले तास मला लिहिता येत नाहीत, नीरजा. तू चोवीस तास तिथेच आहेस हे मला माहीत आहे. पण हजेरी गणवेशातच लागते. आज तुझी लिहिली तर उद्या सगळ्यांची लिहावी लागेल." मग त्यांनीच मार्ग काढला. "असं कर. उद्या गणवेश घालून ये. तुला सहा, सात आणि आठ नंबरच्या खाटा देते. तुझ्या मुलीचं सगळं तूच कर. तिचीच केस स्टडी लिही."

इतकं सोपं काही त्या तीन वर्षांत झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या महामायाबाईंना मी गार्गीवर लक्ष ठेवायला सांगितलं. त्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मी समताच्या होस्टेलवर जाऊन कपडे बदलले. समता माझ्या वर्गात आहे. माझा गणवेश तीन वर्षं तिच्याच खोलीत असतो, तिथेच धुतला जातो, तिथेच वाळतो. त्याला कारण आहे. पहिल्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता दवाखान्यातल्या कपड्यांवरच्या जिवाणूंचा. एका नर्सच्या एप्रनच्या बाहीवरून घेतलेल्या नमुन्यातून अठ्ठेचाळीस तासांत एकशे बारा वसाहती उगवल्या होत्या. मी त्या एकेक करून मोजल्या होत्या. त्यानंतर तसा कपडा मी ज्या घरात लहान मूल आहे तिथे नेणं शक्य नव्हतं. समता म्हणायची, "तुहा गणवेश म्हणजे माह्याकडे ठेवलेली सवत आहे, घरी काही दाखवत नाहीस."

आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, पांढरं एप्रन, जाळीत बांधलेला अंबाडा, मास्क. आठला रजिस्टरवर सही केली आणि सहा नंबरपाशी गेले.

गार्गी जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरकली. भिंतीला पाठ लागली तरी सरकतच राहिली.

"मम्मी," तिने हाक मारली. माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघून मारली. "मम्मी, सिस्टर आली."

मी मास्क खाली ओढला. "गार्गी, अगं मीच आहे. मम्मी आहे."

तिने माझं तोंड पाहिलं, मग एप्रन, मग परत तोंड. तिला ताप होता, एकशे दोन पूर्णांक चार. ती जी किंचाळली तसं तिला मी कधी ऐकलं नव्हतं. नाकातली नळी तिने उपटली. मी ती परत लावायला हात पुढे केला तर तिने हाताला चावा घेतला. ऑक्सिमीटरवर त्र्याण्णव होते, ते नव्वद झाले, सत्त्याऐंशी, शहाऐंशी.

"अवं पोरी, तू हिची माय," महामायाबाई म्हणाल्या, "अन् तुलेच भिऊन राह्यली हे."

वॉर्डच्या स्टाफ सिस्टर धावत आल्या, मला बाजूला केलं. "आधी ते कपडे बदलून ये. पोरगी निळी पडेल."

मी होस्टेलपर्यंत पळत गेले. साडी-ब्लाउजला वेळ लागतो म्हणून समताचा घरचा गाऊन घालून, वरून शाल पांघरून परत आले. गार्गीने दोन्ही हात पुढे केले. मांडीवर घेतलं, नळी लावली. दहा मिनिटांत ब्याण्णव. हुंदके थांबल्यावर तिने मला विश्वासात घेऊन सांगितलं.

"मम्मी, सिस्टर आली होती."

"हो का?"

"तुह्यावानी होती. पण सुई द्यायले आली होती."

वंदना मॅडमनी त्या दिवशी एक तास लिहिला. आठ ते नऊ. सत्त्याण्णव. आता चार दिवसांत एकतीस तास हवे होते, म्हणजे चारही दिवस पूर्ण.

दुपारभर ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी विचार करत राहिले. तिने मला गणवेशात कधीच पाहिलं नव्हतं. मीच पाहू दिलं नव्हतं. पण न पाहिलेल्या कपड्याची भीती वाटत नाही, अनोळखी वाटतो फक्त. भीती कुठून आली तेही मला ठाऊक होतं. सकाळी सहा ते सहा-वीस ही तिला भरवायची वेळ. ती घास गालात धरून ठेवते. माझं लक्ष घड्याळाकडे असतं. अशा वेळी आमच्याकडे सगळ्या आया जे म्हणतात तेच मी म्हणायची. "खा लवकर, नाहीतर सिस्टर येईल अन् सुई देईल." चाचीही दुपारी झोपवताना तेच म्हणायच्या. पण चाचींचं सोडा. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, आणि दीड वर्षं, रोज किमान एकदा, माझ्या मुलीला सिस्टरची भीती घालून मी सिस्टर व्हायला जात होते. लागू पडायचं ते. ती पटकन गिळायची.

मंगळवारपासून चाची येऊन बसायला तयार झाल्या. त्यांचे यजमान फकीर मोहम्मद कपडे शिवतात. लग्नसराई होती, काजं-बटणं चाचीच करतात, तरी त्या आल्या. "तू जा बेटा. मैं बैठती हूँ बच्ची के पास. चार बजे तक की तो बात है."

मॅडमनी माझ्या खाटा बदलल्या. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या, सोळा ते वीस. सहा आणि सोळाच्या मधे एक खांब आहे. त्या खांबाच्या अलीकडे मी आले नाही, मास्क काढला नाही आणि बोलले नाही, तर गार्गीला मी कळणार नव्हते. अकरा जणी आकाशी कुर्त्यातल्या, त्यातलीच एक.

मंगळवारी ती सकाळी साडेआठ ते दहा रडली. "मम्मी कुठी गेली? मम्मी कुठी गेली?" चाची सांगत होत्या, "आती है, बाजार गई. केळं आणायले गेली." मी अठरा नंबरच्या बाळाचं वजन घेत होते. वजनकाटा शंभर ग्रॅमपर्यंत अचूक दाखवतो. मी तीनदा वाचलं आणि तीनदा वेगळं आलं; काटा बरोबर होता. समता येऊन म्हणाली, "दे इकडे. तू वीस नंबरचे टेंपरेचर घे. अन् तिकडे पाहू नको." चार वाजता कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन मी खाटेवर गेले. एकशे पाच तास.

बुधवारी ती अर्धा तासच रडली. श्वास अडतीसवर आले होते, ऑक्सिजन कमी केला होता. औषध लागू पडत होतं. पण ती खात नव्हती. चाचींनी वरणाचं पाणी दिलं, ते तिने तोंडातून बाहेर सोडलं. दुपारी शंकररावांचा फोन आला. "मॅडम, सॅम्पल पडून राह्यले. मी तुमाले काही म्हणत नाही, पोरगी दवाखान्यात आहे. पण सोमवारपासून येता का नाही तेवढं पक्कं सांगा. एक पोरगी विचारून गेली." मी सोमवारी येते म्हटलं. एकशे तेरा.

गुरुवारी सकाळी राउंडला नवीन डॉक्टर होते. आमची तोंडओळखही नव्हती. राउंडच्या वेळी विद्यार्थिनींपैकी एकीने नोंदवही घेऊन मागे फिरायचं असतं. पाळी माझी होती. मी समताला वही घे म्हणून खूण केली, पण ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर होती. पाच नंबर झाला. सहा नंबरपाशी डॉक्टर थांबले. गार्गी चाचीच्या मांडीवर डोकं ठेवून छताकडे बघत होती. मी डॉक्टरांच्या पाठीमागे उभी राहिले, त्यांची पाठ मधे येईल अशी.

"छाती बरी आहे," ते म्हणाले. "पण हे तोंडावाटे काहीच नाही? वजन?"

"अकरा दोनशे होतं, आता दहा सातशे," स्टाफ सिस्टर म्हणाल्या.

"आजी, काऊन खाऊन नाही राह्यली हे?"

चाची म्हणाल्या, "माँ के लिए झुरती साब. बच्ची का जी माँ में लगा है."

"मग आई कुठे आहे?" डॉक्टरांनी मागे वळून मला विचारलं. "सिस्टर, या पेशंटची आई कुठे असते?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. स्टाफ सिस्टरही माझ्याकडे बघत होत्या. दारापाशी वंदना मॅडम रजिस्टर उघडून बसल्या होत्या. मला एवढंच सुचलं की आता मी बोलले आणि गार्गीने आवाज ओळखला तर सोमवारसारखं होईल. हे मी नंतर स्वतःला सांगितलेलं कारण असेल. त्या क्षणी एकशे तेरा हा आकडाही डोक्यात होता.

मी अगदी हळू म्हटलं, "चारनंतर येते, सर."

"चारनंतर. मूल इथे न्युमोनियात, आणि आई चारनंतर येते." ते चिडलेही नव्हते. असं त्यांनी पुष्कळ पाहिलं असणार. "लिहून घ्या, सिस्टर. आई हजर नाही, शेजारीण बसते. खाण्याकडे लक्ष. उद्यापर्यंत नाही खाल्लं तर सलाईन वाढवू."

मी लिहून घेतलं. तारीख, वेळ नऊ-पंचवीस, खाट क्रमांक सहा. आई हजर नाही. माझं अक्षर चांगलं आहे. नोंदवहीसाठी मॅडम नेहमी मलाच पुढे करतात.

चार वाजता मी खाटेवर गेले तेव्हा चाची पिशवी आवरत होत्या. त्या तीन दिवसांत मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. तेव्हाही आवाज चढवला नाही. "देख नीरजा, मैं तेरे को पढ़ने से नहीं रोकती. मेरी समीना पढ़ना चाहती थी, मैंने रोका, आज तक रोती है. पर वो साब ने पूछा तब मेरे को लगा तू बोलेगी."

"चाची, फक्त सात तास राहिले. उद्या तीन वाजेपर्यंत."

"सात तास," चाची म्हणाल्या. "उसको गिनती आती क्या?"

त्या दिवशी गार्गी माझ्या मांडीवर आली, पण काही सांगितलं नाही. मी सहा चमचे पेज भरवली. एकशे एकवीस.

शुक्रवारी सकाळी नऊला तिच्या हातावर सलाईनच्या सुईची जागा फुगली. मनगट सुजलं, सलाईन थांबलं. नवीन सुई लावायची तर लहान मुलाला दोघी-तिघींनी धरावं लागतं. एकीने चादरीत गुंडाळून अंग धरायचं, एकीने हात. स्टाफ सिस्टरकडे नेमकी तेव्हा दुसरी भरती आली होती. दोन विद्यार्थिनी हाताशी होत्या, समता आणि मी. मी पाहिलं, दुसरं कोणी दिसलं नाही.

"धरणं अन् टोचणं, मी एकटीच करते दोन्ही," समता म्हणाली.

"होणार नाही. शीर जाईल," मी म्हटलं. गार्गीच्या शिरा बारीक आहेत, मला माहीत होतं. लॅबमध्ये मीच तिचं रक्त घेतलं आहे एकदा, ती झोपेत असताना. एकदा चुकली तर दुसऱ्यांदा टोचावं लागलं असतं.

मी मास्क नाकावर घट्ट केला आणि गेले. चाची उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला शिकवलं आहे तसं मी तिला चादरीत गुंडाळलं, डावा हात आत, उजवा बाहेर, माझी कोपरं तिच्या दोन्ही बाजूंना. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. सहा दिवसांत तिला कळलं असावं की त्याने काही होत नाही. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सिस्टर."

मी मान हलवली.

"सिस्टर, मम्मीले बलावा नं."

समता शीर शोधत होती. तिचे हात थांबले.

"कर तू," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मी खाते सगळं," गार्गी म्हणाली. "गालात नाही धरत. मम्मीले बलावा नं, सिस्टर."

सुई पहिल्या वेळी लागली. रक्त मागे आलं, समताने पट्टी चिकटवली, लाकडी फळी बांधली. मी चादर सोडवली. स्पिरिटचा बोळा ट्रेमध्ये टाकला आणि ट्रे जागेवर नेऊन ठेवला. मग दारापाशी मॅडमच्या टेबलाजवळ गेले.

"मॅडम, माझी वेळ लिहा."

वंदना मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. "नीरजा, तीनपर्यंत थांब. साडेपाच तासांचा प्रश्न आहे. मी तुला स्टोअरच्या कामाला लावते, वॉर्डात येऊच नको. साडेपाच तास चादरी मोजत बस."

"ती तीनपर्यंत खाणार नाही."

"सलाईन चालू आहे. वर्षाचा प्रश्न आहे बाई. विचार कर. तुझे गुण काय आहेत, तुला माहीत आहे."

"लिहा, मॅडम."

त्यांनी पेन उघडलं, परत बंद केलं. माझ्यासारखीच त्यांनाही अक्षर चांगलं काढायची सवय आहे. शेवटी त्यांनी माझ्या नावापुढे वेळ लिहिली आणि मी सही केली.

होस्टेलवर जाऊन मी घरची साडी नेसले. अंबाडा सोडून वेणी घातली. हात धुतले, पण घाईत. नेहमी मी कोपरापर्यंत धुते, दोन वेळा, चाळीस सेकंद. त्या दिवशी किती वेळ धुतले ते सांगता येणार नाही. मोजलं नाही.

चाचींनी जागा करून दिली. मी बसले, गार्गीला म्हटलं, "मी आले. तू बोलावलं ना?"

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग नवीन सुई लावलेला हात दाखवला नाही, सिस्टर आली होती असंही सांगितलं नाही. मी तिच्या तोंडाजवळ पेजेचा चमचा नेला. तिने चमचा बघितला नाही. माझी बोटं हुंगली. स्पिरिटचा वास होता.

"तू सिस्टर हायेस," ती म्हणाली.

"नाही गं. मी मम्मी."

"हायेस," तिने शांतपणे सांगितलं, आणि तोंड उघडून घास घेतला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येक घास लगेच गिळत होती, आणि गिळला की तोंड उघडून मला दाखवत होती, की गालात काही नाही. अर्धी वाटी पेज तशी संपली. मी थांब म्हटलं तरी ती तोंड उघडून दाखवत राहिली.

महामायाबाई पलीकडून म्हणाल्या, "पाह्य, खाल्लं का नाही. मायच पाहिजे शेवटी."

त्या दिवशी मी तिला मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा ती आली. मी सांगेन ते सगळं ती करत होती. बस म्हटलं की बसली, झोप म्हटलं की डोळे मिटले. डोळे मिटल्यावर पापण्या हलत होत्या. श्वास मिनिटाला बत्तीस होते.

रविवारी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. वजन दहा नऊशे. शंतनु घ्यायला आला होता. एस.टी.त गार्गी त्याच्या मांडीवर बसली. घाट उतरताना त्याने विचारलं, "तुझे दिवस भरले ना?" मी म्हटलं, उद्या लागेल यादी.

सोमवारी दुपारी समताने कॉलेजच्या फलकाचा फोटो पाठवला. मी त्या दिवशी कॉलेजला न जाता लॅबमध्ये होते. बालरोग पोस्टिंग, तिसरं वर्ष, अकरा नावं. फोटो मोठा करून सातवी ओळ वाचली. अपेक्षित तास १६०. हजर १२२.५. टक्के ७६.६.